रिकाम्या वाड्याचे भय

संगणकावरील खेळ म्हटले की धावपळ आणि गोळीबार डोळ्यांपुढे येतो. परंतु अलीकडे त्यांत एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. एखादा कलावंत वा लहानसा गट तो रचतो आणि एकदोन बैठकींत तो संपतो. खेळणाऱ्याने निर्जन घरात शिरावे, दारे उघडावीत, पडलेली पत्रे वाचावीत आणि तेथे काय घडून गेले असावे ते आपणच जुळवावे, एवढाच खेळ. २०१३ सालच्या 'गॉन होम'मध्ये प्रवासाहून परतलेली मुलगी वादळी रात्री स्वतःच्याच घरात येते, तो घरात कोणी नाही. शेवटपर्यंत भूत असे दिसत नाही. तरीही पुढच्या खोलीचा दिवा लावताना हात कचरतो. २०१४ सालचा 'पी. टी.' हा मोठ्या कंपनीचा, पण त्याच कुळातला. त्यात एकच बोळ पुनःपुन्हा ओलांडावा लागतो आणि दर खेपेस तेथील एखादी वस्तू किंचित बदललेली असते.

ही किमया कोलकात्याला अपरिचित नाही. तेथून निघणाऱ्या 'साधना' मासिकात (साने गुरुजींचे साप्ताहिक ते नव्हे) १८९५ साली रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण' ही कथा आली. १८७८ साली अहमदाबादेस थोरल्या बंधूंकडे असताना शाहीबागेच्या जुन्या महालात त्यांचा मुक्काम होता. खाली साबरमती, वर रिकामी दालने. कथेतील बरीचचा वाडा त्याच आठवणीतून उभा राहिला. नायक कापसावरील कर वसूल करणारा अधिकारी. भुलावा पडतो तो कवीला नव्हे, हिशेबाच्या वह्यांत गढलेल्या गृहस्थाला, ही योजना फार मार्मिक आहे. संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवरून अदृश्य स्त्रिया हसत उतरतात. पाणी मात्र हलत नाही. या वाड्यात कोणी कोणाचा गळा धरीत नाही. दगडच भुकेले आहेत आणि राहणाऱ्याला ते हळूहळू आत ओढतात. १९६० साली तपन सिन्हांनी या कथेवर बोलपट काढला, तेव्हा संगीत उस्ताद अली अकबर खाँ यांचे होते. दिसत नाही ते कानांवाटे आणावे लागते, हे नव्या खेळांचे कर्तेही जाणतात. त्यांचे निम्मे भय पावलांच्या आवाजात असते.

एक भेद मात्र मोठा आहे. कथेत वाड्यात पाऊल टाकतो तो नायक. ऐकणाऱ्याला अविश्वासाची मोकळीक असते. खेळात दार खेळणाराच ढकलतो. तो थांबला तर गोष्टही थांबते, आणि म्हणून पुढे जे दिसेल त्याची जबाबदारी त्याला दुसऱ्यावर टाकता येत नाही. हे सामर्थ्य पुष्कळ खेळ फुकट घालवतात. एकाएकी किंचाळणारा चेहरा पुढे केला की माणूस दचकतो खरा, पण दचकणे म्हणजे भय नव्हे. त्याहून वाईट खोड म्हणजे अखेरीस एखादी रोजनिशी सापडणे आणि तीत सर्व उलगडा आयता लिहिलेला असणे.

रवींद्रनाथ तो मोह टाळतात. नायक ही सारी हकीकत रेल्वेच्या जंक्शनवर, गाडीची वाट पाहताना, दोघा सहप्रवाशांना सांगत असतो. सुटकेचा उपाय सांगण्याआधी एका इराणी बांदीची कहाणी सांगावी लागेल, असे कचेरीतल्या वृद्ध कारकुनाने आपल्याला म्हटल्याचे तो सांगतो, आणि तेवढ्यात गाडी येते. पहिल्या वर्गातला एक इंग्रज त्याला ओळखून हाक मारतो, तो चढतो, आणि ऐकणारे दोघे दुसऱ्या वर्गाचा डबा शोधू लागतात.