श्रीमंत देशांतील रिकामीं पोटें



अमेरिका म्हणजे धान्याचें कोठार, असें आपण ऐकत आलों. तेथील सरकारच्याच शेतकी खात्याचा अंदाज असा कीं, एकंदर अन्नापैकीं शेंकडा 30 ते 40 भाग वायां जातो. आणि त्याच खात्याच्या 2023 सालच्या पाहणींत शेंकडा 13.5 कुटुंबें, म्हणजे सुमारें 4 कोटी 74 लक्ष माणसें, पुरेशा अन्नाची शाश्वती नसलेलीं निघालीं. मग धान्य कमी पडतें काय? मुळींच नाहीं!

पोटभरले पंडित म्हणतात, गरीब आळशी असतो. पण ह्यांतील पुष्कळ घरांत कमावतें माणूस आहे. मध्यवर्ती सरकारची किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर, ती 2009 पासून तेथेंच खिळलेली. कांहीं राज्यांनीं ती वाढविली, सर्वांनीं नाहीं. भाडें थकलें तर घरमालक बाहेर काढतो, बिल थकलें तर दिवा जातो; पण ताटांतला घास कमी केला तर दारावर कोणी तगाद्यास येत नाहीं. म्हणून गरिबाची काटकसर पोटापासून सुरू होते. 'मला भूक नाहीं' असें म्हणून आई पोराच्या पानांत वाढते. हें आपल्या आयाबहिणींस मीं काय सांगावें?

सरकारी मदत आहे, नाहीं असें नाहीं. 1964 च्या कायद्यानें अन्नाच्या तिकिटांची योजना कायम झाली. हल्लीं कार्ड मिळतें. त्यावर 2023-24 च्या सुमारास माणशीं दिवसाला सरासरी सहा डॉलर पडत. शिजविलेलें गरम अन्न त्यावर सहसा मिळत नाहीं. ज्याला चूलच नाहीं त्यानें काय करावें? 2025 सालीं कामाची अट 64 वर्षांपर्यंतच्या धडधाकट माणसांवर वाढविली, आणि त्याच वर्षीं भूक मोजणारी वार्षिक पाहणी बंद करण्याचें जाहीर केलें. ताप नको म्हणून नाडीच पाहूं नये, असा हा वैद्य!

ह्या भुकेला रंगही आहे. 2023 सालीं गोऱ्यांच्या घरांत तिचें प्रमाण शेंकडा 9.9, काळ्यांच्या घरांत 23.3. गुलामांस मुक्त केलें म्हणून जोतीरावांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' त्याच देशांतील सदाचारी लोकांस अर्पण केली. गुलाम सुटले खरे. पण 1938 सालीं किमान मजुरीचा कायदा झाला, तेव्हां शेतमजूर आणि घरगडी त्यांतून वगळले. दक्षिणेंतील काळे लोक मोठ्या संख्येनें हींच कामें करीत. शेतमजुरांपैकीं कांहींस तो कायदा 1966 च्या दुरुस्तीनें मिळाला, घरगड्यांस 1974 च्या.