‘खलीलची आई’ : हरममधल्या सुलतानांकडे आपण कसं बघायचं?

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझी भाची बारावीत शिकते. ती मोबाईलवर उर्दूत डब केलेली तुर्की मालिका बघते. एकदा म्हणाली, “खाला, नशीब बघा या बाईचं! बाजारात विकली गेली आणि मलिका झाली.” त्याच आठवड्यात तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता : ‘तुमच्या इतिहासात बायकांचे बाजार भरत होते.’ मालिका बघताना ती हरखली होती, मेसेज वाचून ती गप्प झाली. दोन्ही वेळा विषय एकच होता. म्हणून आज मी याच विषयावर बोलायचं ठरवलं.

एका बाईपासून सुरुवात करू. तिचं नाव शजर-अद-दुर्र, म्हणजे मोत्यांचं झाड. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. गुलाम मुलीला अशी फुलांची, मोत्यांची नावं दिली जात. तिचं जन्माचं नाव आणि गाव इतिहासाला माहीत नाही. इजिप्तचा अय्यूबी सुलतान अस-सालेह याने तिला विकत घेतलं होतं. गादी मिळण्याआधी तो करकच्या किल्ल्यात कैदेत होता, तेव्हा ती त्याच्यासोबत होती. तिला खलील नावाचा मुलगा झाला आणि तो लहानपणीच वारला.

१२४९ साली फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धाची फौज घेऊन इजिप्तमध्ये उतरला. दमिएत्ता बंदर त्याच्या ताब्यात गेलं. नेमका त्याच वेळी, नोव्हेंबरात, छावणीतच सुलतान मरण पावला. बातमी फुटली असती तर फौज विस्कटली असती. शजरने दोन विश्वासू माणसांना हाताशी धरून मृत्यू लपवला. सुलतान आजारी आहेत असं सांगितलं गेलं. तंबूत रोज जेवण जात राहिलं, सुलतानाच्या सहीचे हुकूम निघत राहिले. दूरवरून वारस तूरानशाहला बोलावून घेतलं. फेब्रुवारी १२५० मध्ये मन्सूराला धर्मयोद्ध्यांचा हल्ला मोडून काढला गेला, एप्रिलमध्ये खुद्द लुई कैद झाला.

पुढे तूरानशाहचं मामलुक सरदारांशी बिनसलं आणि त्यांनी त्याला ठार केलं. गादीवर त्यांनी बसवलं ते शजरला. मे १२५० मध्ये एकेकाळची गुलाम बाई कैरोच्या तख्तावर बसली. जुम्याच्या खुतब्यात तिचा उल्लेख झाला आणि तिची नाणी पाडली गेली. आपल्याला दिल्लीची रझिया माहीत असते, पण रझिया सुलतानाची लेक होती. शजरच्या मागे कुठलंच घराणं नव्हतं.

आता जरा त्या नाण्याकडे बघा. त्यावर काय कोरलंय? खलिफा मुस्तासिमची, सालेहची, मुसलमानांची मलिका, मलिक मन्सूर खलीलची आई. तिचं स्वतःचं नाव त्यावर कुठेच नाही. खलिफाचं आहे, मेलेल्या नवऱ्याचं आहे, मेलेल्या मुलाचं आहे. हुकमांवरही ती ‘खलीलची आई’ अशीच सही करायची. युद्धाच्या ऐन धामधुमीत राज्य सावरून धरणाऱ्या बाईला राज्य करण्याचा हक्क सांगताना एका मेलेल्या लेकराचा आधार घ्यावा लागला.

असं का, हे समजायला त्या काळचा कायदा बघावा लागतो. मालकापासून मूल झालेल्या गुलाम स्त्रीला ‘उम्म वलद’, म्हणजे मुलाची आई, म्हणत. तिला विकता येत नसे. मालकाच्या मृत्यूनंतर ती स्वतंत्र होई आणि तिचं मूल जन्मापासून स्वतंत्र व बापाचं कायदेशीर वारस असे. त्या जमान्याच्या मानाने हे मोठं संरक्षण होतं, हे कबूल करू. पण हेही कबूल करू की मालकाला नाही म्हणण्याचा हक्क त्यात नव्हता. सुटकेची वाट बाईच्या अकलेतून जात नव्हती, तिच्या कुशीतून जात होती.

हारून रशीदची आई खैजुरान याच वाटेने आली. उस्मानी दरबारातली हुर्रम, म्हणजे माझ्या भाचीच्या मालिकेची नायिका, हीसुद्धा त्याच वाटेने आली. आजच्या युक्रेनच्या भागातून तिला पळवून आणून विकलं होतं. सुलतान सुलेमानने रीत मोडून तिच्याशी निकाह केला. तिने पोलंडच्या राजाला पत्रं लिहिली, इस्तंबूलमध्ये इस्पितळ बांधलं, जेरुसलेममध्ये गरिबांसाठी लंगर सुरू केलं. कर्तबगारीत ती कुठेच कमी नव्हती. पण तिची मुलं गादीवर आली नसती तर त्यांच्या जिवाची शाश्वती नव्हती, कारण गादी मिळालेला शहजादा भावांना जिवंत ठेवत नसे. १५५३ मध्ये सुलेमानने थोरल्या मुस्तफाला मारवलं. त्याचा दोष लोकांनी हुर्रमवर टाकला. मालिकेत हे ‘बायकांचं कारस्थान’ म्हणून दिसतं. भावाला भावाच्या जिवावर उठवणारा नियम मात्र कुणी बाईने केलेला नव्हता.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण बघू. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा पेशवा झाला. त्याने खडकी वसवली, पाण्यासाठी नहर काढली आणि मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. खुलताबादला त्याची कबर आहे. तोही गुलामच होता, त्यालाही गादीवर दुसऱ्याला बसवून कारभार करावा लागला. पण तो स्वतःच्या नावाने आणि तलवारीने ओळखला गेला. त्याला कुणाची आई व्हावं लागलं नाही.

शजरची सत्ता तीन महिनेही टिकली नाही. बगदादच्या खलिफाला बाईचं राज्य मान्य नव्हतं. तुमच्याकडे पुरुष उरला नसेल तर आम्ही पाठवतो, अशा अर्थाचा निरोप त्याने धाडल्याचं इतिहासकार सांगतात. तिने सेनापती ऐबकशी लग्न करून तख्त त्याला दिलं. सात वर्षांनी, १२५७ मध्ये, तिने त्याला मारवलं आणि थोड्याच दिवसांत तीही मारली गेली. तिला संत करायची गरज नाही.

मग आपण काय घ्यायचं? बाईला राज्य करता येत नाही असं कुणी धर्माच्या नावाने सांगितलं, तर त्याला शजर दाखवा. पण कुणी ‘बघा, आमच्याकडे गुलामसुद्धा राणी होत होती’ असा अभिमान मिरवू लागला, तर त्याला विचारा : बाकीच्यांचं काय? एक शजर तख्तावर पोचली तेव्हा हजारो मुली फक्त विकल्या गेल्या. त्यांची नाणी नाहीत.

आणि तो मेसेज? गुलामी रोमन, अरब, युरोपीय अशा अनेक समाजांत होती, हे खरं आहे. पण ‘त्यांच्याकडेही होतं’ हे उत्तर होत नाही. कुरआनात गुलामाला मुक्त करणं हे पुण्यकर्म सांगितलं आहे, तरी आपल्या सुलतानांनी शतकानुशतकं हरम भरले. हे आपणच आधी बोललं पाहिजे. ट्युनिसच्या अहमद बे याने १८४६ मध्ये गुलामी बंद केली, सौदी अरेबियाला त्यासाठी १९६२ उजाडावं लागलं. आणि २०१४ मध्ये आयसिसने यझिदी मुलींचे बाजार भरवले ते जुन्या किताबांचे दाखले देऊन. तेव्हा १२० हून अधिक मुस्लिम विद्वानांनी खुलं पत्र लिहून गुलामी पुन्हा आणणं इस्लामला मंजूर नाही असं ठणकावलं. ज्या इतिहासाला आपण सजवून ठेवतो, तो असा कुणाच्या तरी हातात हत्यार होऊन परत येतो.

शेवटी १९०९ मधलं एक दृश्य सांगते. सुलतान अब्दुल हमीदला पदच्युत केल्यावर त्याचा हरम बरखास्त झाला. सर्केशियन गावांतून त्या बायकांच्या नातेवाइकांना इस्तंबूलला बोलावलं गेलं. लहानपणी दुरावलेल्या लेकी-बहिणींना त्यांनी चेहऱ्यावरून ओळखायचं होतं. काही बाप-भाऊ ओळख पटताच रडले. काहींना घ्यायला कुणीच आलं नाही, त्या परत आत गेल्या.

भाचीला मी हेच सांगितलं. मालिका बघ, जरूर बघ. पण नायिकेच्या मागे रांगेत मान खाली घालून ज्या मुली उभ्या असतात ना, त्यांच्याकडेही बघ. त्यांनाही आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं.