बदल, रूढ पद्धती आणि शिक्षकाचे मन

शिक्षक जसा शिकलेला असतो, तसाच बहुधा शिकवतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात याची मीमांसा केली. अध्यापक विद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच भावी शिक्षकाने विद्यार्थी म्हणून हजारो तास वर्गात काढलेले असतात. शिकवणे म्हणजे काय, याचे चित्र तिथेच पक्के होते आणि डी.एल.एड.च्या दोन वर्षांत ते सहसा पुसले जात नाही.

या चिकटून राहण्याला सरसकट आळस म्हणणे अन्यायाचे आहे. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. दुसरीची मुले एकसुरात पाढे म्हणत असली की तेवढ्यात तिसरीचे गणित उरकता येते. ही सोय त्याला अनुभवाने सापडलेली असते. नवी पद्धत ती काढून घेते. बदल्यात काय देते, हे मात्र प्रशिक्षणात क्वचितच सांगितले जाते. निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे आणि ‘वहीत काहीच कसं लिहून दिलं नाही?’ ही पालकांची विचारणा वेगळीच.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना उत्तम होती: केवळ लेखी परीक्षेवर विसंबू नये, निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांतून मुलाची वाढ टिपावी. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका निघाल्या. ‘वाचनाची आवड आहे’, ‘गटकार्यात सहभागी होतो’ अशी वाक्ये नावांपुढे ओळीने उतरवली गेली. नोंदवह्या भरल्या, पण कोणते मूल कुठे अडले आहे हे त्यांत सापडेना. नोंद अधिकाऱ्याला दाखवायची होती. दुसऱ्या दिवशीच्या पाठाला तिचा उपयोग नव्हता. तिथेच सुधारणा फसली.

शिक्षकाची वृत्ती आधी बदलावी, मग पद्धत बदलेल, असे गृहीत धरून बहुतेक प्रशिक्षणे आखली जातात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये हा क्रम उलटा मांडला: शिक्षक नवे काही करून पाहतो, मुले अधिक शिकताना दिसतात आणि मग त्याची धारणा बदलते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक जात, त्यामागचे कारण हेच असावे. तिथले एक साधन पाहा: शंभर मण्यांची माळ, दर दहा मण्यांना रंग बदललेला. त्रेचाळीस दाखव म्हटल्यावर मूल चार रंग ओलांडते आणि पुढचे तीन मणी मोजून थांबते. त्रेचाळीस आणि चौतीस यांत गोंधळणारे मूल माळेवर स्वतःच चूक सुधारताना दिसले की शिक्षकाला दशक-एककावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. पुढे अनेक शाळांनी फरशा रंगवल्या, तक्ते टांगले आणि शिकवणे होते तसेच ठेवले. रंग पाहून आले, मुलाचे थांबणे पाहायचे राहिले.

पद्धत मुलाकडे पाहून घडते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू झाले, 1957 मध्ये ते कोसबाडला गेले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने यांची साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावर अंगणात भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. मॉन्टेसरींवर निष्ठा असूनही तपशील बदलताना या दोघी अडखळल्या नाहीत, कारण त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती.

आजच्या शिक्षकाला ही मोकळीक नाही, आणि ती दिल्याशिवाय त्याला बदलविरोधी ठरवू नये. शाळांच्या समूह केंद्रात भरणाऱ्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचणे थांबवावे. एका शिक्षकाने मुलांसमोर पाठ घ्यावा, इतरांनी मुलांकडे पाहावे आणि फसलेल्या पाठाचीही चर्चा निर्धास्तपणे व्हावी. एवढे करायला नवा शासननिर्णय लागत नाही.