छाटलेल्या फांद्यांचा कोळसा कोणाच्या मालकीचा?

पावसाळा तोंडावर आला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत झाडांची छाटणी होते. छाटलेल्या फांद्यांचे करायचे काय, हा प्रश्न दरवर्षी तसाच राहतो. मुलुंडची कचराभूमी २०१८ साली बंद झाली. परंतु एका वस्तीचा कचरा दुसरीच्या दाराशी टाकणे हा प्रश्नाचा निकाल नव्हे.

लाकूड अपुऱ्या हवेत तापवले असता कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू मिळतो आणि मागे कोळसा उरतो. मात्र येथे हिशेब चोख हवा. १०० किलो वाळलेल्या लाकडापासून कोळशाच्या भट्टीत सुमारे २० ते ३० किलो कोळसा मिळतो. वायूसाठी बांधलेल्या यंत्रात तो जेमतेम ५ ते १० किलो उरतो. दोन्ही भरपूर मिळतील असे सांगणारा विक्रेता दिशाभूल करतो. शिवाय जो कोळसा भट्टीत जळला, तो मातीला मिळत नाही.

डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून इंधनाचा कोळसा करण्याची पद्धत बसवली. तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार लाभला. खेड्यातील चुलीसाठी तो मार्ग उचितच होता. मुंबईची स्थिती निराळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने येथील बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. तेव्हा उपनगरांतील कोळशाची योग्य जागा मातीतच आहे. कोकणातील आम्लधर्मी तांबड्या जमिनीत तो खतात मुरवून घातल्यास आम्लता घटते व ओल टिकण्यास मदत होते. त्यातील बराचसा कार्बन शेकडो वर्षे जमिनीत राहतो.

नेमक्या याच टिकाऊपणाचा आता व्यापार होतो. मोठ्या कंपन्या आपल्या धुराची भरपाई म्हणून त्याचे ‘कार्बन क्रेडिट’ विकत घेतात. झाडे सार्वजनिक, जागा सार्वजनिक, श्रम सफाई कामगारांचे. मग नफा तेवढा ठेकेदाराचा का? स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ उपक्रमात कचरावेचक स्त्रियांनी खत व बायोगॅसचे काम समर्थपणे करून दाखविले आहे. कोळशाचे कामही अशाच श्रमिकांच्या सहकारी संस्थांकडे सोपवावे. विषारी वायू व कोळशाची धूळ यांपासून त्यांना संरक्षण द्यावे आणि भट्टीत प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाऊ देऊ नये.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रभागात प्रथम एकच माहिती मागावी: छाटलेल्या फांद्या किती, जातात कोठे आणि त्या वाहून नेण्याचे पैसे कोणाला मिळतात? लढ्याची सुरुवात या हिशेबापासूनच होईल.