मोझेलच्या उतारावरील द्राक्षवेल

द्राक्षवेल ही उन्हाची भुकेली. तिने पन्नासाव्या अक्षांशाजवळ, जर्मनीच्या थंड पश्चिम भागात मूळ धरावे, हे प्रथमदर्शनी नवलच वाटते. मोझेल नदीच्या खोऱ्यात मात्र हे नवल रोमनांच्या काळापासून घडत आले आहे. चौथ्या शतकातील लॅटिन कवी ऑसोनियस याच्या या नदीवरील काव्यात काठच्या द्राक्षमळ्यांचे वर्णन आढळते.

ट्रियर सोडल्यावर कोब्लेन्ट्स येथे ऱ्हाइनला मिळेपर्यंत मोझेल इतकी नागमोडी वाहते की, तिच्या वळणावळणांवर दक्षिणाभिमुख उतार तयार झाले आहेत. शरदातला सूर्य आकाशात खाली उतरलेला असला, तरी या कड्यांवर त्याचे किरण जवळजवळ सरळ पडतात. शिवाय येथील जमीन पाटीच्या दगडाची. दिवसभर तापलेला हा काळसर दगड रात्री आपली ऊब वेलीला देतो.

ही ऊब सर्वांत अधिक लागते ती रीसलिंग या जातीला. ती उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकते. साखर भरली तरी तिचा आंबटपणा सरत नाही. म्हणूनच तिची वाइन वर्षानुवर्षे टिकते. तिच्यापेक्षा जुनी जात एल्ब्लिंग. तिला फळ भरघोस, पण मद्य साधे. ट्रियरचे शासक असलेले आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी १७८७ साली हलक्या वेली काढून चांगल्या लावण्याचे फर्मान काढले. शेतकऱ्याला ते रुचले असेलच असे नाही, कारण चांगली वेल म्हणजे थोडे पीक आणि पावसाळी हिवाची टांगती तलवार. रीसलिंगच्या प्रसाराशी या फर्मानाचे नाव जोडले जाते.

पुढे १८८२ साली गाइझेनहाइम येथे हेर्मान म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने एक संकरित जात तयार केली. म्युलर-थुर्गाऊ हे तिचे नाव. ती लवकर पिकते, भरपूर देते आणि नदीकाठच्या सपाट जमिनीवरही तग धरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही काळ जर्मनीत तिचीच लागवड सर्वाधिक होती. रीसलिंगने तो मान पुन्हा मिळवला, पण उताराचा प्रश्न सुटला नाही. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट सुमारे पासष्ट अंशांपर्यंत चढलेला आहे. तेथे ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी, बांधणी, तोडणी सारे हातांनी. सपाटीच्या मळ्याहून कितीतरी पट श्रम घालूनही बाटलीला त्या प्रमाणात दाम येईलच असे नाही. वृद्ध मळेवाल्याची मुले शहरात गेली की पहिल्यांदा सोडले जातात ते असेच उंचावरचे वाफे. तेथे काटेरी झुडपे माजतात आणि चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध एकेका पावसाळ्यात ढासळू लागतात.