24 किलोबाइटचं मैदान



पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात गोल्फ खेळलेली माणसं आहेत, आणि गोल्फचं खरं मैदान त्यांच्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते गोल्फ खेळले घरच्या टीव्हीवर, नव्वदच्या दशकात, अँटेनाची वायर काढून तिथे व्हिडिओ गेमची वायर खोचून.

सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी त्या डब्यांची नावं असायची. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं 1983 साली फॅमिकॉम नावाचा घरगुती व्हिडिओ गेम काढला, त्याच घराण्यातले हे डबे. एमआयडीसीतल्या कामगाराच्या खोलीत असो की अणुऊर्जा केंद्राच्या कॉलनीत, एका घरी डबा आला की अख्ख्या बिल्डिंगची पोरं तिथे मुक्कामाला. ज्यांचे बाबा पास काढून मुंबईला नोकरीला जात त्यांची चंगळ होती. ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर कॅसेट घ्यायची आणि विरारहून शटल पकडून घरी.

कॅसेट लावायची ती मारियोसाठी, नाहीतर कॉन्ट्रासाठी. ‘64 इन 1’ असं लेबल असलेल्या कॅसेटच्या लांबलचक यादीत गोल्फ मात्र न मागता यायचा. का यायचा, ते ऐकण्यासारखं आहे. एका कॅसेटमध्ये डझनावारी गेम कोंबायचे तर ते आकारानं लहान हवेत आणि जादा चिपशिवाय चालणारे हवेत. 1984-85च्या सुमाराचे फॅमिकॉमचे गेम नेमके तसे होते. 1984 चा हा गोल्फ अवघा 24 किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे शंभर गोल्फ सहज मावतील.

एवढ्याशा जागेत अठराच्या अठरा होल होते. झाडी, वाळूचे खड्डे, पाणी, प्रत्येक होलची आखणी निराळी. पडद्यावर एका बाजूला मारियोसारखा दिसणारा मिशीवाला खेळाडू, दुसऱ्या बाजूला वरून पाहिलेलं मैदान. फटका मारायचा तो तीनदा बटण दाबून. पहिल्यांदा दाबलं की पट्टीवरची खूण सरकू लागते. दुसऱ्यांदा दाबाल तिथे जोर ठरतो. मग खूण परत फिरते आणि ती नेमक्या जागी येताच तिसऱ्यांदा दाबायचं. किंचित आधी किंवा नंतर दाबलं की चेंडू वाकडा जाऊन झाडीत. वाऱ्याची दिशा बघायची, काठी बदलायची. ‘पार’ म्हणजे काय हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, पण गोट्या खेळताना गल गाठायची सवय होती, त्यामुळे कमीत कमी फटक्यांत भोक गाठायचं हे पोरांना न सांगता कळलं. पुढे गोल्फच्या कितीतरी व्हिडिओ गेमनी हीच तीनदा बटण दाबण्याची पद्धत उचलली.

हा गेम लिहिला सातोरू इवाता यांनी. जन्म 1959, साप्पोरोचा. कॉलेजात असतानाच ते हॅल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत अर्धवेळ काम करत. अठरा होल एका कॅसेटमध्ये बसणारच नाहीत, असं इतरांचं म्हणणं होतं. इवातांनी माहिती आवळून साठवण्याची स्वतःची रीत काढली आणि ते बसवून दाखवलं. मला त्यांची ही काटकसर फार मोठी वाटते. गेम तेवढा लहान राहिला, म्हणूनच इतरांच्या गर्दीत बसून तो बोईसरच्या खोलीपर्यंत पोचू शकला. गेममध्ये त्यांचं नाव कुठेच नव्हतं. खेळणाऱ्या पोरांना ते कळणार कुठून? म्हणून आज मुद्दाम घेतो आहे.

हेच इवाता 2002 साली निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. 11 जुलै 2015 रोजी ते गेले. दोन वर्षांनी कंपनीच्या ‘स्विच’ या नव्या यंत्रात हा जुना गोल्फ लपवून ठेवलेला सापडला. यंत्रातली तारीख 11 जुलै असेल आणि दोन्ही हातांनी इवातांची एक खास खूण केली, तरच तो उघडायचा. पुढच्या एका अपडेटमध्ये तो काढून टाकला गेला.

आणि तुमच्यापैकी ज्यांना गोल्फ कधी आवडलाच नाही, त्यांना ‘बलून फाइट’ नक्की आठवत असेल. दोघांनी दोन रिमोट घेऊन समोरच्याचे फुगे फोडायचे, आणि फार खाली आलं की पाण्यातला मासा गिळायचा. त्याचं प्रोग्रॅमिंगही इवातांचंच. यादीतल्या ‘पिनबॉल’चंही.