ओले लाकूड, ओला हात

आमच्या नागपुरातले लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. फळी घेताना जुनी मंडळी ती हातात तोलून पाहायची. आता त्यासाठी एक छोटे यंत्र मिळते. त्याच्या दोन सुया फळीत रुतवल्या, की ओलावा किती ते आकड्यात दिसते. गंमत अशी, की हे यंत्र प्रत्यक्षात मोजते ते लाकडाचा विजेला होणारा रोध. वाळलेल्या लाकडाचा रोध प्रचंड, ओल्याचा कमी.

या हिशेबाचा नियम जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला. दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, रोधाने भागले की प्रवाह किती ते कळते. गच्चीवरच्या टाकीची उंची म्हणजे दाब, नळाचे अरुंदपण म्हणजे रोध आणि बादलीत पडणारी धार म्हणजे प्रवाह.

हे सांगण्याचे कारण आहे आपला कूलर. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात येतात. घरातला दाब २३० व्होल्टच्या आसपास असतो, तो काही बदलत नाही. बदलतो तो आपल्या शरीराचा रोध. कातडी कोरडी असेल तर तो कित्येक हजार ओहम असू शकतो. हात ओले, पाय अनवाणी आणि खाली ओली फरशी असली, की तो हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर. एवढा प्रवाह हृदय बंद पाडायला पुरेसा आहे.

‘फ्यूज उडेल की!’ असे पुष्कळजण म्हणतात. नाही उडणार. पाच-सहा अँपियरच्या फ्यूजच्या लेखी ०.२३ अँपियर म्हणजे एक पंखा चालू आहे, इतकेच. फ्यूज तारा वाचवतो, माणूस नव्हे.

माणूस वाचवते ती चांगली अर्थिंग. पत्र्याला जोडलेल्या अर्थच्या तारेचा रोध अगदी थोडा असतो. पत्र्यात वीज उतरली, की ती त्या वाटेने धावते, प्रवाह एकदम वाढतो आणि मग फ्यूज उडतो. म्हणून कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा. अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी बसवावा. जाणारा आणि परतणारा प्रवाह तो ताडून पाहतो आणि ३० मिलीअँपियरचा फरक पडताच वीज तोडतो.

आणि एक बिनखर्चाचा उपाय. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी नुसते बटण बंद करू नका, प्लगच काढा. वायरिंग उलटे झालेले असेल, तर बटण बंद असूनही आत वीज असते.